अकरा वस्तू आणि एक ठोकलेलं नाणं : एका कादंबरीचं प्रकरण

हस्तलिखित माझ्याकडे संपादनासाठी आलं ते गणपती उठल्यावर. साधारण १,१०,००० शब्द. काळ सातवाहनांचा, जागा गोवर्धन, म्हणजे आजच्या नाशिकच्या अंगाची. प्रेमकथा, आणि वरून अद्भुताची फोडणी. लेखिका हिंजवडीत नोकरी करणारी, तिशी ओलांडलेली, शनिवार-रविवारी लिहिणारी. पहिल्याच फोनवर म्हणाली, "ताई, शुद्धलेखन मी दोनदा तपासलंय. वाचणाऱ्याला माझ्या वस्तू का भिडत नाहीत, तेवढं सांगा."

वाईट लिहिलं होतं असं नाही. वाक्यं स्वच्छ होती, प्रसंग हलते होते. पण वस्तू होत्या अकरा. मी वहीत उतरवून काढल्या: अंगठी, आरसा, शंख, बासरी, समई, कमळ, मोरपीस, खंजीर, पाचरंगी दोरा, करंडा आणि चांदीचं एक नाणं. शेवटचं सोडलं तर प्रत्येक वस्तू कुठे ना कुठे 'तेजाळत' होती. हे क्रियापद मी संगणकावर शोधलं, ३४ वेळा सापडलं. नायक जवळ आला की अंगठी तेजाळे, संकट आलं की खंजीर. विरहात समई आपोआप मंद होई. नवव्या प्रकरणात तर एकाच पानावर तीन वस्तू तेजाळल्या, आणि मला दिवाळीच्या आदल्या आठवड्यातला लक्ष्मी रोड आठवला.

कथा एवढीच: नायिका गोवर्धनातल्या विणकराच्या घरची. ती क्षहरात घराण्यातल्या क्षत्रप नहपानाच्या अमलात वाढलेली. नायक टांकसाळीत ठोके मारणारा, नहपानाला हरवणाऱ्या सातवाहन राजाच्या, गौतमीपुत्र सातकर्णीच्या, छावणीबरोबर आलेला. राज्य बदलतं आणि दोघांची गाठ पडते. पुस्तकात त्यांना चांगली प्राकृत नावं आहेत, पण आमच्या बोलण्यात ती 'कोष्टीण' आणि तो 'टांकसाळे' झाला. इथंही तेच ठेवते.

आधी मी काहीच सुचवलं नाही. एरंडवण्यात महिन्यातून एकदा आमचा वाचनगट जमतो, त्यातल्या पाच जणांना हस्तलिखित दिलं. तीन आठवड्यांनी चहा झाल्यावर कागद बाजूला ठेवायला लावले आणि एकच प्रश्न विचारला: कुठली वस्तू आठवते, आणि शेवटी ती कुणाकडे राहिली?

अंगठी पाचही जणांना आठवली. शेवटी कुणाकडे होती, ते एकालाही सांगता येईना. दोघांनी ती माशाच्या पोटातून निघाल्याचं छातीठोकपणे सांगितलं. कादंबरीत मासा नाहीच. शंख आणि बासरी यांची अदलाबदल झाली होती. समईचं नाव कुणी काढलं नाही. नाणं मात्र चौघांनी नेमकं सांगितलं: टांकसाळेला ते मजुरीत मिळालं, कोष्टिणीनं दाताखाली दाबून पाहिलं, कडेला खोक पडली, आणि शेवटी ते तिच्या कमरेच्या गाठीत होतं. अख्ख्या पुस्तकात हे नाणं तीनदा येतं. मजुरीचा हिशेब म्हणूनच लेखिकेनं ते घातलं होतं.

गटात एक काका आहेत, बँकेतून निवृत्त झालेले, कमी बोलणारे. ते म्हणाले, "नाणं कुणीतरी कमावलंय हो. बाकीचं सगळं कुणीतरी कुणाला भेट दिलंय."

*

अंगठीचं दुखणं जुनं आहे. मराठी वाचकासमोर प्राचीन काळातली प्रेमिकेची अंगठी ठेवली की तिच्या मागोमाग मासा येतोच. गंमत अशी की महाभारतातल्या शकुंतलेच्या गोष्टीत अंगठी नाही आणि शापही नाही. दुष्यंत सरळ ओळख नाकारतो आणि आकाशवाणी साक्ष देते. अंगठी, दुर्वासाचा शाप, कोळी, मासा ही सगळी कालिदासाची भर. 'अभिज्ञान' म्हणजे ओळखीची खूण, ती त्यानं नाटकाच्या नावातच बसवली. पुण्यात तर ही गोष्ट आणखी खोल मुरली आहे. किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' १८८० साली इथंच पहिल्यांदा उभं राहिलं. आमच्या पिढीला ती पदं आजीकडून आली.

पण कालिदासाची अंगठी का चालते हे पाहिलं पाहिजे. तिच्यावर राजाचं नाव कोरलेलं आहे. निघताना तो शकुंतलेला सांगतो, रोज यातलं एक अक्षर मोज, अक्षरं संपायच्या आत तुला न्यायला माणूस येईल. म्हणजे ती अंगठी आधी राजमुद्रा आहे, मग दिवस मोजायचं साधन आहे, आणि त्यानंतर प्रेमाची खूण. हरवते तेव्हा एकाच वेळी पुरावाही हरवतो आणि दिवसांचा हिशेबही. आमच्या लेखिकेच्या अंगठीत निळा खडा होता. बस. तो कुणी बसवला, कुठून आला, बोटात अडकत होता की सैल होता, काही नाही.

मी म्हणाले, अंगठी काढ. ती म्हणाली, "ताई, अंगठीशिवाय रोमान्स? वाचक काय म्हणतील?" यावर दोन आठवडे फोन बंद.

मधल्या काळात मी तिला एक वही करायला पाठवली होती. प्रत्येक वस्तूपुढे साधे प्रश्न: कुणी घडवली आणि कशाची? रोज तिचं काम काय? एकाच्या हातून दुसऱ्याकडे कशी गेली, विकत, गहाण, चोरून की वारसानं? हरवली तर उद्या सकाळी कुणाचं काय अडेल? शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, बाकीचे त्याच्या तयारीचे. अबोला तिनंच मोडला. रात्री साडेदहाला फोन. "ताई, माझ्या समईत तेल कोण घालतं हेच मला माहीत नाही."

अकरांपैकी सात वस्तूंपुढचा शेवटचा रकाना कोरा होता. ती सात गेली. खंजीर गेला तेव्हा मला थोडं वाईट वाटलं, त्याची मूठ तिनं सुंदर लिहिली होती.

पुढच्या शनिवारी मी तिला राजा दिनकर केळकर संग्रहालयात नेलं. दिनकर केळकरांनी आयुष्यभर गावोगाव हिंडून घरगुती वस्तू जमवल्या आणि अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावानं संग्रह उभा केला. आम्ही दिव्यांकडे गेलो नाही, तिथं ती पुन्हा भुलली असती. अडकित्त्यांपाशी उभं केलं. माणसांच्या, पक्ष्यांच्या आकाराचे अडकित्ते. मी विचारलं, यात शृंगार कुठे आहे? ती बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "सुपारी फोडताना दोघं मिटतात." मग पुढे, "म्हणजे सुपारी नसेल तर काहीच नाही." मला पुढचं बोलायची गरज राहिली नाही.

आता एक आडवळण, कारण अशी हस्तलिखितं माझ्याकडे वरचेवर येतात. दुसऱ्या शतकातल्या कोष्टिणीच्या केसांत निशिगंध होता, मांडवाला झेंडूचं तोरण, अंगणात पांढरा चाफा आणि पानात मिरचीचा ठेचा. चारही अमेरिका खंडाकडच्या वनस्पती, युरोपी जहाजांच्या काळानंतर आलेल्या. झेंडूशिवाय दसरा आपल्याला सुचत नाही, म्हणून तो सातवाहनांनाही होता असं आपण धरून चालतो. मी तिला सोनचाफा, बकुळ, प्राजक्त आणि तिखटाला मिरी दिली. यात पांडित्य मिरवायचं नव्हतं. झेंडू तिच्या कथेत लग्नाची खूण म्हणून आला होता, आणि जी खूण त्या माणसांना ठाऊकच नव्हती ती त्यांच्या मनात काय उभं करणार? ठेचा जाताना मात्र ती खरीच हळहळली.

कमळ तिला ठेवायचं होतं, कारण "ते काव्यात असतं". मी म्हणाले, त्या काळच्या आपल्याच काव्यात काय असतं ते बघ. हाल या सातवाहन राजाच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीत, म्हणजे महाराष्ट्री प्राकृतात, कमळं आहेतच, पण जीव अडकतो तो दुसरीकडे. एका गाथेत साळीचं शेत पांढरं पडू लागलं म्हणून एक मुलगी खाली मान घालून रडते. भात पिकलं म्हणजे कापणी आली, आणि कापणी आली म्हणजे भेटायची लपायची जागा गेली. मैत्रीण समजूत घालते की तागाचं शेत अजून उभं आहे. शेत कशाचंही प्रतीक नाही, शेतच आहे, आणि तरी त्यात सगळं आलं. लेखिकेनं कमळ त्याच रात्री काढलं.

*

नाण्याकडे येते, कारण प्रकरण तिथंच फिरलं.

नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी नावाचं गाव आहे. १९०६ साली तिथं चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला, १३,२५० च्या आसपास. सगळी मुळात नहपानाची. एका बाजूला राजाचा उजवीकडे पाहणारा चेहरा आणि भोवती ग्रीक वळणाची अक्षरं, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, ब्राह्मी आणि खरोष्ठी लेख. यातल्या ९,००० हून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं पुन्हा ठसा मारलेला आहे: तीन कमानींचा डोंगर, खाली नागमोडी रेघ, भोवती त्याचं नाव, आणि उलट बाजूला ज्याला उज्जैन चिन्ह म्हणतात ते चार गोळ्यांचं चिन्ह. जुनी नाणी वितळवून नवी पाडली नाहीत. तीच घेतली, नवा ठसा ठेवला, घण मारला.

लेखिकेला हे माहीत होतं, म्हणूनच टांकसाळे हा तिचा नायक. पण तिनं ती माहिती वापरली होती पार्श्वभूमी म्हणून, दोन परिच्छेदांत. मी अशा एका नाण्याचा मोठा केलेला फोटो तिच्यासमोर ठेवला. नाणं अंगठ्याच्या नखाएवढं. डोंगराच्या कमानींमधून एक नाक बाहेर येतं. कपाळाची रेघ नव्या अक्षरांच्या आड जाते आणि पुन्हा निघते. ठोका जिथं तिरका बसला तिथं हनुवटी जशीच्या तशी राहिली आहे. दोन राजे एका चांदीत, आणि कुणीच पुरता गेलेला नाही.

याच्या शेजारी नाशिकच्या लेण्यातला गौतमी बलश्रीचा लेख ठेवा. नातू पुलुमावीच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी या आजीबाईंनी आपल्या दिवंगत मुलाची, म्हणजे गौतमीपुत्राची, थोरवी कोरून घेतली. त्यात त्याला 'खखरातवसनिरवसेसकर' म्हटलं आहे: क्षहरातांचा वंश निरवशेष करणारा. दगडावर निरवशेष. आणि त्याच मुलाच्या नाण्यांवर अवशेष डोळ्यांनी दिसतो, हजारो नाण्यांवर, बाजारात हातोहात फिरणारा.

हे मी बोलले आणि ती गप्प झाली. मग म्हणाली, "माझा टांकसाळे रोज हेच करतो ना. मिटवायचा पगार घेतो आणि मिटत नाही." त्या क्षणापासून पुस्तक तिचं झालं. तोवर ते मी वाचलेल्या आणि न वाचलेल्या वीस पुस्तकांसारखं होतं.

कोष्टीण जुन्या राज्याची. तिचा भाऊ नहपानाच्या बाजूनं लढताना गेला, हे पहिल्या मसुद्यात होतंच, पण नाण्याशी जोडलेलं नव्हतं. आता प्रेमाची अडचण खलनायक किंवा शाप उरली नाही. ज्या हातानं तो तिला जवळ घेतो, त्याच हातानं दिवसभर तो तिच्या मागच्या जगावर घण मारतो. आणि त्याला मिळणारी मजुरी त्याच नाण्यांत.

*

आरसा ठेवायचा की नाही, यावर मी साशंक होते. पहिल्या मसुद्यातला आरसा म्हणजे जणू ड्रेसिंग टेबल. कोष्टीण त्यात स्वतःच्या पापण्या मोजते! त्या काळी आरसा धातूचा, घासून झिलई आणलेला. मराठवाड्यातल्या तेर आणि भोकरदन इथं हस्तिदंताच्या स्त्रीमूर्ती सापडल्या आहेत, आणि त्याच घराण्याची वाटणारी एक मूर्ती १९३८ साली थेट इटलीतल्या पाँपेईत निघाली, इसवी सन ७९ च्या ज्वालामुखीच्या राखेखालून. मूर्तीच्या डोक्यात वरून भोक आहे, त्यामुळे ती आरशाची मूठ असावी असं आधी मानलं गेलं. पुढे फर्निचरचा पाय असावा असंही म्हटलं गेलं. लेखिकेचा आरसा या मुठीवरून सुचलेला. मूठ देखणी होती. पण आरसा म्हणजे मूठ नव्हे.

माझ्याकडे आजीची काशाची वाटी आहे, तळपायाला तूप चोळायची. एका रविवारी लेखिका घरी आली तेव्हा आम्ही वाटी उपडी घातली आणि तळ घासायला बसलो. आधी चिंच, मग राख, मग मऊ कापडावर रांगोळीची पूड. पाऊण तास. हात काळे, नखांत राख. पहिल्यांदा दिसला तो खिडकीचा चौकोन. मग कपाळ, मग कपाळाखाली दोन खड्डे, म्हणजे डोळे. रंग पिवळसर, कडा पसरलेल्या, जणू वाफेपलीकडून कुणी बघतंय. पापण्या नाहीतच. वाटी हलली की गाल लांबतो. उत्साहात तिनं तळावर अंगठा टेकवला आणि ठसा उमटला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तर तिथं तपकिरी डाग, तिच्या अंगठ्याच्या रेघांसकट.

मी फोटो काढून पाठवला. तिचं उत्तर तीन शब्दांचं: "ताई, सापडलं. थांबा."

तिनं नियम बांधला. नाणं त्या आरशासमोर धरलं की आरशात वरचा ठसा उमटत नाही, खालचा चेहरा दिसतो. नहपानाचा नव्हे, ज्यानं ते नाणं सर्वांत आधी घाम गाळून मिळवलं त्याचा. आणि प्रत्येक वेळी आरशावर एक डाग पडतो, जो चिंचेनं निघत नाही, राखेनं निघत नाही. आरसा तळहाताएवढा. पाच-सहा वेळा पाहिलं की त्यात काहीच दिसणार नाही, स्वतःचा चेहराही नाही. कोष्टीण प्रत्येक वेळी ठरवणार: मेलेला भाऊ पाहायचा की उरलेला आरसा राखायचा. (ते नाणं भावाच्या हातून गेलेलं आहे हे ती तिसऱ्या डागाला ओळखते. चांगला प्रसंग आहे, मी स्वल्पविरामही हलवला नाही.)

मला इनामगावची आठवण झाली. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून बरीच वर्षं उत्खनन केलं. तिथं एका घराच्या जमिनीखाली झाकणाची मातीची पेटी निघाली, तिच्यासोबत मातीची शिर नसलेली स्त्री आणि एक बैल. स्त्रीच्या पोटाला भोक, बैलाच्या पाठीला भोक. काडी घातली की ती बैलावर नीट बसते. तीन हजार वर्षांहून जुनी जोडी. काडीशिवाय दोन खेळणी, काडीनं एक गोष्ट. आमच्या हस्तलिखितात नाणं आणि आरसा आधीपासून होते, एकमेकांपासून दोनशे पानं लांब. काडी नव्हती.

'तेजाळणे' तिनं स्वतःच शोधून शोधून काढलं. डाग पडतो हे लिहिल्यावर चमकण्याला काम उरलं नाही.

अंगठीचा निकालही तिनंच लावला, आणि तो मला सुचला नसता. पहिल्याच प्रकरणात, बाराव्या ओळीत, कोष्टीण आईची अंगठी विकून सूत घेते. त्या सुताचं कापड विकून जे पैसे येतात, त्यातूनच पुढची देवाणघेवाण सुरू होते. वाचनगटातल्या एका बाईंनी सांगितलं, की अर्ध्या पुस्तकापर्यंत त्या माशाची वाट बघत होत्या, आणि मग विसरल्या.

*

माझी चूकही सांगायला हवी. नाशिकच्या लेण्यात नहपानाच्या जावयाचा, उषवदाताचा, लेख आहे. त्यानं गोवर्धनातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, ३,००० कार्षापण (त्या काळची नाणी) ठेवले: २,००० दरमहा शेकडा एक या व्याजानं, १,००० शेकडा पाऊण या व्याजानं. त्यातून भिक्षूंना चिवरं, म्हणजे वस्त्रं, मिळायची. मुद्दलाला हात लावायचा नाही, म्हणून नाव 'अक्षयनीवी'. हे निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, जाहीर होऊन फलकावर नोंदलं जाई. विणकराच्या मुलीच्या प्रेमकथेला यापेक्षा चांगला शब्द कुठे मिळणार? मुद्दल मोडायचं नाही, व्याजावर जगायचं. मी हुरळले. तिला म्हणाले, अक्षयनीवीवर एक पूर्ण प्रकरण कर.

तिनं केलं, चाळीस पानं. श्रेणीची सभा, दोन व्याजदरांवर वाद, फलकाचा मजकूर. काकांनी वाचून चष्मा काढला. "मॅडम, आमच्या सहकारी बँकेची वार्षिक सभा झाली ही. तिथं निदान शेवटी वडा मिळायचा."

चाळीसची साडेतीन पानं झाली. त्यात एवढंच राहिलं: लहान कोष्टीण बापाच्या खांद्यावर बसून फलक ऐकते आणि विचारते, न मोडायचे पैसे ठेवतात कुठे? बाप म्हणतो, लोकांच्या लक्षात. हे वाक्य पुढे कुठेही परत येत नाही. मी ते तिला परत आणू दिलं नाही. एकदा चूक केल्यावर माणूस जरा जास्तच काटेकोर होतो.

तिसरी वस्तू होती दोरा. पाचरंगी तेजाळणारा नव्हे, आता साधं सूत आणि ते कातायची चाती. ती जमली नाही. वहीतले सगळे रकाने भरलेले होते: चातीची चकती भाजक्या मातीची, दोरा विकला जातो, तुटला तर दिवसाची मजुरी बुडते. सगळं बरोबर आणि तरी निर्जीव. मला वाटतं कारण असं, की चाती फक्त कोष्टिणीच्या हातात राहते, टांकसाळे तिला कधी हात लावत नाही. लेखिकेचं म्हणणं वेगळं आहे, तिच्या मते मला सूतकताईचे प्रसंग मुळातच कंटाळवाणे वाटतात. तेही खोटं नाही. चाती पुस्तकात आहे, कुणाला खुपत नाही, कुणाला आठवणारही नाही.

दुसऱ्या फेरीला तेच पाच वाचक बसवणं बरोबर नव्हतं, म्हणून गटातले दुसरे चौघं घेतले. प्रश्न तोच. नाणं आणि आरसा चौघांनाही आठवले, डाग किती पडले यावर दोघांचं भांडण झालं. एकीनं घरी जाऊन पितळेचा डबा घासल्याचं नंतर कळवलं.

शेवटावरून आमचं वाजलं. तिला १९०६ हवं होतं: जोगळटेंभी, कुदळ, मडकं, आणि आजच्या पुण्यातली एक मुलगी संग्रहालयात काचेपलीकडून नाणं ओळखते. पुनर्जन्म वगैरे. मी नको म्हणाले. पंधरा दिवसांनी तिनं दुसरा शेवट पाठवला.

पंचवीस वर्षं उलटली आहेत. टांकसाळे नाही. कोष्टीण भिक्षूंची चिवरं पोचवायला त्रिरश्मीचा डोंगर चढते. लेण्यात नवा लेख कोरणं चालू आहे, जमिनीवर दगडाचा भुगा. तिला वाचता येत नाही. ती कोरक्याला विचारते, काय लिहितोस? तो बोट ठेवून एकेक अक्षर सांगतो: नि, र, व, से, स. म्हणजे काय? म्हणजे काही उरलं नाही. ती कमरेच्या गाठीवर हात ठेवते, चिवरं मोजून देते, आणि उतरायला लागते.

त्याखाली तिनं एक ओळ जास्त लिहिली होती: गाठीत नाणं तेजाळलं. मी खोडली. तिनं परत घातली. मी पुन्हा खोडली आणि समासात लिहिलं, अगं, पस्तिसावं. तिनं त्याखाली लिहिलं, ताई, पहिलंच. प्रूफं मंगळवारी जायची आहेत आणि ओळ सध्या आत आहे.